भूमिकन्या फॅनी लू हेमर : चरित्र-परिचय



संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने या पृष्ठावर शेतीत हयात घालविलेल्या एखाद्या स्त्रीचे चरित्र द्यावे, असे आम्ही योजिले. शेतकरी म्हटले की नांगर धरलेला पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु निंदणी-खुरपणी, कापसाची वेचणी, बियाण्याची राखण, गुरावासरांची निगा ही कामे जगात बहुतेक ठिकाणी बायकांच्याच हातून होत आली आहेत. जमिनीच्या कागदावर मात्र त्यांचे नाव क्वचितच चढते. आपल्या संतपरंपरेला जनाबाईंचे जाते व सावता महाराजांचा मळा पूज्य आहे, त्यामुळे मातीत राबणाऱ्या हातांविषयी आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आम्ही निवडलेले चरित्र सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या लढ्यातील अग्रणी म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक १९६४ सालच्या त्यांच्या एका साक्षीविषयी. त्यांनी स्थापन केलेल्या सहकारी शेतीचा उल्लेख सहसा शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते या बाईंचे खरे शहाणपण त्या शेतीत होते. म्हणून येथे तिच्याविषयी अधिक विस्ताराने लिहीत आहोत.

फॅनी लू यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपीतील मॉन्टगोमेरी परगण्यात झाला. टाउनसेंड दांपत्याचे हे विसावे व सर्वांत धाकटे अपत्य. त्या दोन वर्षांच्या असताना हे कुटुंब सनफ्लॉवर परगण्यात एका गौरवर्णीय जमीनदाराच्या मळ्यावर कामास आले. मिसिसिपी व याझू या दोन नद्यांच्या गाळाने बनलेला हा सपाट प्रदेश डेल्टा या नावाने ओळखला जातो. जमीन अत्यंत सुपीक, नजर पोहोचेल तेथपर्यंत कापूस. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, तरी जमीन पूर्वीच्या मालकांकडेच राहिली आणि राबणारे हातही तेच राहिले. फरक इतकाच की आता त्या व्यवस्थेला वाट्याची शेती असे नाव मिळाले.

आमच्याकडे बटाईने शेती करणारे लोक आहेत, त्यांना हा प्रकार समजावयास कठीण जाणार नाही. जमीन मालकाची, बी-बियाणे व अवजारे मालकाकडून उधार, वर्षभराचा शिधा मालकाच्याच दुकानातून उधार. पीक आले की अर्धे मालकाचे, आणि उरलेल्या अर्ध्यातून ही सारी उधारी वळती व्हायची. वही मालकाच्या हाती. वाटेकऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे, आणि ज्याला येत असे त्यालाही ती वही मागण्याची सोय नव्हती. वर्ष संपताना हिशोब होई, तेव्हा घरात काही शिल्लक येण्याऐवजी बहुधा कर्जच पुढच्या वर्षावर जाई.

सहा वर्षांच्या फॅनी लूला या व्यवस्थेत कसे ओढले गेले, ती हकिकत लहान असली तरी बोलकी आहे. रस्त्याकडेला खेळत असताना मालक गाडी घेऊन आला आणि तुला कापूस वेचता येईल काय, असे त्याने विचारले. आठवड्यात ३० पौंड, म्हणजे सुमारे १४ किलो वेचलास तर दुकानातून तुझ्या आवडीचा खाऊ मिळेल, असे आमिष दाखविले. खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यापासून अपेक्षा वाढत गेली, आणि त्या दिवसापासून त्या लेकराचे नाव राबणाऱ्यांत धरले गेले. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या पायाने किंचित अधू होत्या. तरीही तेराव्या वर्षी दिवसाला दोनशे ते तीनशे पौंड, म्हणजे ९० ते १३५ किलो कापूस वेचीत. निमाडच्या शेतात ज्यांनी भर उन्हात वाकून बोंडे वेचली आहेत, त्यांनाच या आकड्याचे वजन कळेल.

शाळा होती, पण ती कापसाच्या हंगामाच्या सवडीने चाले. वर्षातून चार महिने, तेही हिवाळ्यात, जेव्हा शेतात काम नसे आणि अंगावर धड कपडा नसलेल्या मुलांना घराबाहेर पडणे कठीण असे. साधारण सहावीपर्यंत शिकून फॅनी लू यांची शाळा सुटली. तेवढ्या शिक्षणात त्यांनी वाचनाची गोडी मात्र धरून ठेवली. चर्चमध्ये बायबल वाचणे व भजने गाणे यांतून त्यांची वाणी आणि त्यांचा खडा आवाज घडला.

त्यांच्या मातोश्री लू एला यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. मालकाची वेचणी आटोपल्यावर ही बाई मुलांना घेऊन मैलोगणती पायी फिरे आणि शेताशेतांतून मालकांची परवानगी घेऊन झाडांवर राहून गेलेला कापूस गोळा करी. त्यातून एखादी गाठ भरली तर हिवाळ्यात मुलांच्या तोंडी काही पडे. सलगमाचा पाला मीठ-तेलावाचून शिजवायचा, पिठाची पातळ आमटी करायची, हा नित्याचा स्वयंपाक. मुलांच्या अंगावर कोणी हात टाकू नये म्हणून ही माउली शेतात जाताना बादलीत झाकून पिस्तूल नेत असे. शेतात काम करताना डोळ्याला इजा झाली, औषधपाणी झाले नाही आणि पुढे दृष्टी गेली. आपण गोऱ्या असतो तर पोटभर जेवलो असतो, असे एकदा लहानग्या फॅनी लूने आईजवळ बोलून दाखविले. आईने तिला एक काळ्या रंगाची बाहुली आणून दिली आणि आपल्या वर्णाचा मान राखण्यास शिकविले. त्या काळात तशी बाहुली मिळविणे हे सोपे काम नव्हते.

एकदा या कुटुंबाचे दैव उघडू पाहत होते. वडिलांनी काटकसर करून थोडी जमीन खंडाने घेतली, तीन खेचरे, गाई व अवजारे खरेदी केली, घराची डागडुजी केली. वाटेकरी स्वतःच्या जनावरांवर शेती करू लागला तर मालकाच्या दुकानाची उधारी तुटते, ही गोष्ट सर्वांना कळत होती. एका रात्री कोणा गौरवर्णीय शेजाऱ्याने जनावरांच्या गव्हाणीत पॅरिस ग्रीन नावाची विषारी पूड कालवली. सकाळी घरचे लोक पोहोचेतो जनावरे तडफडत होती. एकही वाचले नाही. टाउनसेंड कुटुंब पुन्हा वाट्याच्या शेतीवर आले व त्यातून वर आले नाही. पुढे फॅनीबाईंनी जनावरांचीच पेढी काढली, तेव्हा ही गव्हाण त्यांच्या स्मरणात नसेल असे आम्हांस वाटत नाही.

१९४४ च्या सुमारास त्यांचा विवाह पेरी हेमर यांच्याशी झाला. त्यांना सर्वजण पॅप म्हणत. ते रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत. लिहितावाचता येत असल्याने फॅनीबाईंकडे मळ्यावरील हजेरी व वेचलेल्या कापसाच्या वजनाची नोंद ठेवण्याचे काम आले. येथे त्यांनी जे केले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. मालकाच्या काट्यावर लावावयाचे वजन खोटे असे. मजुराने वेचलेला कापूस त्यावर नेहमी कमी भरे. आपल्याकडे ज्याला मापात पाप म्हणतात तेच. फॅनीबाई आपल्या जवळ एक खरे वजन लपवून शेतात नेत आणि मालकाची पाठ फिरली की काट्यावर ते लावून मजुरांचा कापूस मोजून देत. मालक जवळ आला की पुन्हा त्याचे वजन लावीत. मताधिकार, संघटना, चळवळ हे शब्द त्यांच्या कानी पडण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून हे चालले होते.

पतिपत्नीस अपत्य झाले नाही; त्यांनी दोन मुली दत्तक घेतल्या. १९६१ साली गर्भाशयातील गाठ काढण्यासाठी त्या रुग्णालयात गेल्या असता डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकले. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत तेथे हे इतके सर्रास घडे की फॅनीबाईंनी पुढे त्याविरुद्ध उघड आवाज उठविला.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिलच्या विल्यम्स चॅपेल या चर्चमध्ये सभा झाली. नागरी हक्कांसाठी काम करणारे तरुण कार्यकर्ते तेथे आले होते. कृष्णवर्णीयांनाही मतदानाचा हक्क आहे, ही गोष्ट वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी फॅनीबाईंनी प्रथमच ऐकली. कोण नोंदणीस जाण्यास तयार आहे असे विचारताच त्यांनी हात वर केला. ३१ ऑगस्ट रोजी अठरा जण एका जुन्या बसने इंडियानोला या परगण्याच्या मुख्य गावी गेले. तेथे नोंदणीसाठी परीक्षा असे. राज्यघटनेतील एखादे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावयाचा, आणि तो बरोबर की चूक हे नोंदणी-अधिकारी ठरविणार. फॅनीबाई अनुत्तीर्ण झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडविली व तिचा रंग जरा अधिक पिवळा असल्याच्या सबबीवर दंड केला. बसमधील लोक भयभीत झाले असता फॅनीबाईंनी भजने सुरू केली आणि एकेक जण त्यात सामील होत गेला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी वारीच्या वाटेवर थकलेल्या दिंडीला एका अभंगाने पुन्हा पाय फुटताना पाहिले आहेत, त्यांना त्या बसमधील दृश्य कल्पिता येईल.

घरी पोहोचतात तो मळ्याचा मालक वाट पाहत होता. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला. अठरा वर्षांची चाकरी एका संध्याकाळी संपली. पॅप यांना मात्र हंगाम पुरा होईतो तेथेच राहावे लागले. १० सप्टेंबरच्या रात्री त्या ज्या घरी आश्रयाला होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडण्यात आल्या. सुदैवाने त्या दिवशी त्या तेथे नव्हत्या. पुन्हा परीक्षा देऊन १० जानेवारी १९६३ रोजी त्या नोंदणीस पात्र ठरल्या.

यापुढील राजकीय हकिकत आम्ही थोडक्यात देतो, कारण ती अन्यत्र विस्ताराने उपलब्ध आहे. ९ जून १९६३ रोजी एका प्रशिक्षण वर्गाहून परतत असता विनोना गावी पोलिसांनी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना अटक केली. कोठडीत अन्य कैद्यांकरवी त्यांना अमानुष मारहाण करण्यात आली. मूत्रपिंड, डोळा व पाय यांची जी हानी झाली ती जन्मभर टिकली. संबंधित अधिकारी पुढे निर्दोष सुटले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही सारी कहाणी समितीपुढे सांगितली. ती चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावून दूरचित्रवाणीचे लक्ष आपल्याकडे वळविले. परंतु रात्री ती साक्ष सर्व वाहिन्यांनी दाखविली आणि देशाने ती ऐकली. तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा त्यांच्या पक्षाने नाकारल्या. १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला व १९६८ च्या शिकागो अधिवेशनात फॅनीबाई अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या.

कायदा झाला, तरी डेल्टातील चूल पेटेना. १९६२ च्या हिवाळ्यात लगतच्या लेफ्लोर परगण्याने सरकारी धान्यवाटपच बंद केले होते. लोक मतनोंदणीस जाऊ लागल्याचे ते उत्तर होते आणि त्याची झळ वीस हजारांहून अधिक लोकांना बसली. उत्तरेकडून आलेले धान्य-कपडे फॅनीबाई रूलव्हिलमध्ये वाटीत, तेव्हाच त्यांनी ओळखले की ज्याच्या हाती शिधा आहे त्याच्या हाती मत आहे. त्यातच कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली. १९६७ पासून शेतमजुरांना किमान वेतन लागू झाले तेव्हा मळेवाल्यांनी मजूर ठेवणेच सोडले. पिढ्यान्पिढ्या कापूस वेचलेली कुटुंबे एकाएकी निरुपयोगी ठरली. त्या वर्षी डॉक्टरांच्या पथकाने व सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी डेल्टातील झोपड्यांतून फिरून उपाशी मुले पाहिली. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रातले हे दृश्य होते. हेमर दांपत्याची थोरली मुलगीही याच वर्षी गेली. ती अशक्त होती, आणि तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत. तिच्या दोन लहान मुलींना या दोघांनी पुढे वाढविले.

याच सनफ्लॉवर परगण्यात सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा हजारो एकरांचा मळा होता. कापसाचे उत्पादन मर्यादित राहावे म्हणून सरकार जमीनदारांना अनुदान देई. १९६७ साली ईस्टलँड यांच्या मळ्याला दीड लाखाहून अधिक डॉलर मिळाले. एकाच परगण्यात जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मिळत होते आणि पिकवू शकणारे हात रिकामे होते. फॅनीबाईंनी यातून काढलेला निष्कर्ष शेतकऱ्याच्या मुलीचा होता. मदत मागून खाणारा माणूस मदत देणाऱ्याच्या धाकात राहतो. म्हणून जमीन आपली हवी, बी आपले हवे, जनावर आपले हवे.

आरंभ जनावरापासून झाला. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेने, ज्या संस्थेच्या अध्यक्षा त्या वेळी डोरोथी हाइट होत्या, सुमारे पन्नास डुकरे देणगी दिली आणि तिचा फॅनीबाईंनी भांडवल म्हणून उपयोग केला. आमच्या भाविकांपैकी काहींना या प्राण्याचा उल्लेख रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. परंतु डेल्टातील गरीब घराला हिवाळ्यात तारणारे जनावर तेच होते. आपल्याकडे विधवेच्या दारी शेळी बांधून द्यावी तसे हे समजावे. योजनेस डुकरांची पेढी असे नाव पडले. गरजू कुटुंबाला गाभण मादी द्यावयाची. तिची निगा त्या कुटुंबाने राखायची. पिले झाली की ती त्या घरची, मात्र ठरलेला वाटा पेढीत परत जमा करावयाचा, म्हणजे दुसऱ्या घराला तो मिळेल. पाच वर्षांत या पेढीतून हजारो जनावरे घरोघरी पोहोचली. व्याज नाही, तारण नाही, वहीत फेरफार करणारा मालक नाही. देणगी एकदाच आली आणि वाढतच गेली. न्यासाचा कारभार पाहणाऱ्यांनी ही रचना अवश्य समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१९६९ मध्ये त्यांनी फ्रीडम फार्म सहकारी संस्था स्थापन केली आणि पहिली ४० एकर जमीन विकत घेतली. पैसा कोठून आला? विस्कॉन्सिनमधील एका हितचिंतक मंडळाने दहा हजार डॉलर दिले, गायक हॅरी बेलाफोंटे यांनी देणगीची पत्रे पाठविली, विद्यार्थ्यांनी भूकमुक्तीसाठी पदयात्रा काढून निधी जमविला आणि स्वतः फॅनीबाई आजारी शरीराने गावोगावी भाषणे देत हिंडल्या. चाळीस एकर हा आकडा तेथील लोकांच्या मनात घर करून होता. १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस चाळीस एकर जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला होता आणि त्याच वर्षी तो फिरविण्यात आला होता. पुढे आणखी ६४० एकरांची भर पडून संस्थेची जमीन ६८० एकरांच्या घरात गेली.

या शेतात काय पिकविले, हे पाहण्याजोगे आहे. आधी पोटाचे. कोबीच्या जातीची पालेभाजी, वालाच्या जातीच्या शेंगा, चवळी, मका, रताळी आणि भेंडी. भेंडी व चवळी ही आपल्या ताटातली नेहमीची पिके. अमेरिकेत ती गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून गेली. ज्यांचे सर्व काही हिरावले गेले त्यांनी चवीची आठवण तेवढी जपली, असे म्हणावयास हरकत नाही. उरलेल्या जमिनीवर कापूस व सोयाबीन ही नगदी पिके, कारण जमिनीचे हप्ते भरावयाचे होते. सभासदत्वाची वर्गणी महिना एक डॉलर ठेवली होती. तीही केवळ तीसेक कुटुंबांना नियमित भरता येई. परंतु नावाने सुमारे पंधराशे कुटुंबे संस्थेशी जोडलेली होती आणि वर्गणी थकली म्हणून कोणाला भाजी नाकारली जात नसे. राबणाऱ्याने आपल्या घरापुरते न्यावे, वृद्ध व आजाऱ्यांसाठी वाटा काढावा, असा रिवाज होता. गरजू गौरवर्णीय कुटुंबेही येत, त्यांनाही मिळे. ज्या फॅनीबाईंना गोऱ्यांच्या कोठडीत मार बसला होता त्यांनी हा भेद ठेवला नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो.

संस्था शेतीवर थांबली नाही. मळ्यावरून काढलेल्या माणसाला घर हवे, म्हणून सरकारी गृहकर्जासाठी कागदपत्रे करून देणे, जमिनीचे तुकडे पाडून घरकुले उभारणे ही कामे सुरू झाली. शिवणकामाचा उद्योग, बालकांसाठी पाळणाघर, शिक्षणासाठी मदत हेही सुरू झाले. ज्या घरांत पूर्वी छपरातून चांदणे दिसे, त्यांतील काही कुटुंबे प्रथमच नळ व संडास असलेल्या पक्क्या घरात गेली.

येथवर वाचून वाटेल की संस्था भरभराटीस आली. तसे झाले नाही, आणि तेही लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये डेल्टात भीषण चक्रीवादळे आली. संस्थेने आपली गंगाजळी पीडितांच्या मदतीत घातली. लगतच्या दोन वर्षांत कधी अतिवृष्टी, कधी अवर्षण; कापूस व सोयाबीन दोन्ही बुडाले आणि नगदी पीक गेल्यावर जमिनीचे हप्ते थकले. देणगीदारांचा उत्साह ओसरला. सारा डोलारा देणग्यांवर आणि देणग्या फॅनीबाईंच्या भाषणांवर अवलंबून होत्या. त्यांची प्रकृती १९७२ पासून वारंवार ढासळू लागली आणि तो ओघ आटला. हिशोब व व्यवस्थापन जाणणारी माणसे आरंभीच पुरेशी नेमली गेली असती तर थोडी अधिक जमीन वाचली असती काय? आमचे मत असे की थोडी वाचली असती, सगळी नाही. बाराशे मैलांवरच्या देणगीदाराला मताधिकाराच्या सभेचे छायाचित्र समजते, पण भेंडीच्या वाफ्याला दरवर्षी पैसे का लागतात हे समजावून सांगणे अवघड जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यास कर्ज व कर थकल्याने बहुतेक जमीन संस्थेच्या हातून गेली.

फॅनीबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. उच्च रक्तदाब, जुन्या मारहाणीचे दुखणे, त्यात स्तनाचा कर्करोग. ज्या माउलीने शेकडो घरांत अन्न पोहोचविले, तिच्या औषधपाण्यासाठी मित्रमंडळींना निधी गोळा करावा लागला. १४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसविलेल्या गावच्या रुग्णालयात वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीस अमेरिकेचे संयुक्त राष्ट्रसंघातील राजदूत अँड्र्यू यंग उपस्थित होते. ज्यांचा कापूस त्यांनी खऱ्या वजनाने मोजून दिला होता त्या मजुरांची पिढीही तोपर्यंत म्हातारी झाली होती.

२०१२ मध्ये रूलव्हिल येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक, त्यांना मरणोत्तर देण्यात आले. त्यांची समाधी रूलव्हिलमध्येच, त्यांच्या सहकारी संस्थेने विकत घेतलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर आहे. पॅप हेमर १९९२ साली निवर्तले. त्यांनाही तेथेच, पत्नीच्या शेजारी पुरण्यात आले.